एकच व्याख्यान, दोन राण्या: त्सिशी घ्यावी की वेनश्यू?

मांचू राणीवशातल्या एकाच बाईवर बोलायचं असेल तर कोणती घ्यावी, हे गेल्या महिन्याभरात मला दोघांनी विचारलं. एका मैत्रिणीला कॉलेजच्या मुलांसमोर तासभर बोलायचं आहे, आणि एका स्नेह्यांना दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा आहे. दोघांच्या मनात नावं मात्र तीच दोन होती: पडद्यामागून चीनचा कारभार चालवणारी त्सिशी, आणि शेवटचा सम्राट पूयी याची दुसरी राणी वेनश्यू. मी या दोघींवरही बोललो आहे. आमच्या वाचनमंडळात दर वर्षी एका परदेशी व्यक्तीवर दीड तासाचं व्याख्यान असतं. तीन वर्षांपूर्वी मी त्सिशी घेतली होती आणि गेल्या वर्षी वेनश्यू. तेव्हा जे सांगतो ते त्या दोन संध्याकाळींच्या आणि त्यामागच्या काही महिन्यांच्या जोरावर. मला चिनी वाचता येत नाही. इंग्रजी भाषांतरं आणि चिनी येणाऱ्या एका मित्राची मदत यांवर माझं सगळं उभं आहे, एवढं लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

चिंग राजवट (चीनमधली शेवटची, मांचू लोकांची), आठ निशाणं (मांचूंच्या लष्करी विभागण्या, घराणी त्यांत नोंदलेली असत), अफूची युद्धं हे तुम्हांला ठाऊक आहे असं धरतो.

राणीवशात शिरायचं दार तत्त्वतः दोघींना एकच होतं. निशाणांत नाव असलेल्या घरातली मुलगी वयात आली की आधी तिचं नाव दरबारात जायचं. तिथून मोकळीक मिळाल्याशिवाय आईबापांनी तिचं लग्न ठरवायचं नाही, असा दंडक होता. आत गेल्यावर पायऱ्या ठरलेल्या असत. सर्वांत वर सम्राज्ञी, खाली एक ह्वांगग्वैफेइ, दोन ग्वैफेइ, चार फेइ, सहा पिन, आणि मग ग्वैरन, चांगझाय, दायिंग यांची संख्या न बांधलेली उतरंड. प्रत्येक पायरीची वर्षाची चांदीही ठरलेली. ताएल म्हणजे सुमारे 37 ग्रॅम धरा. सम्राज्ञीला 1000 ताएल, फेइला 300, पिनला 200, ग्वैरनला 100 आणि तळाच्या दायिंगला 30. हा तक्ता श्रोत्यांना आवर्जून सांगा. राणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुसती शेज आणि दागिने येतात. हा तक्ता ऐकल्यावर तैनात, हुद्दा आणि बढती दिसायला लागते, आणि त्या बायकांचे दिवस कसे जात असतील याचा थोडा अंदाज येतो.

त्सिशीचा पूर्वार्ध या तक्त्यावर बोट ठेवून सांगता येतो. 1852 मध्ये, सोळाव्या वर्षी, येहेनारा घराण्यातली ही मुलगी ग्वैरन म्हणून आत गेली. 1854 मध्ये पिन झाली. 1856 मध्ये तिला मुलगा झाला, म्हणजे श्येनफेंग सम्राटाला वारस मिळाला, आणि ती फेइ झाली. पुढच्याच वर्षी ग्वैफेइ, तैनात 600 ताएल. पाच वर्षांत सहापट. यापुढे 1860 चं पलायन: इंग्रज-फ्रेंच फौजा चालून येतात, सम्राट उत्तरेला जेहोलला जातो, आणि मागे उन्हाळी महाल जळतो. 1861 च्या ऑगस्टमध्ये तिथंच त्याचा मृत्यू, गादीवर पाच वर्षांचं पोर, आणि कारभार आठ जणांच्या मंडळाकडे. मग दोन शिक्क्यांची गोष्ट येते. मरणाऱ्या सम्राटाने एक शिक्का सम्राज्ञीला दिला, दुसरा मुलाला. मुलाचा शिक्का आईच्या हाती आला. दोन्ही शिक्के उमटल्याशिवाय फर्मान पुरं नाही. नोव्हेंबरात या दोघी विधवा मेलेल्या सम्राटाचा भाऊ राजपुत्र गोंग याला हाताशी धरून पेकिंगमध्ये आठांचं मंडळ उलथवतात. मंडळातल्या सूशुनचं डोकं उडतं, त्यातल्याच दोघा राजपुत्रांना गळफास घ्यायला लावतात. त्सिशी तेव्हा पंचविशीतली होती.

सांगायला इतकी भरगच्च गोष्ट शोधून सापडणार नाही. वाचनमंडळात मी शिक्क्यांपर्यंत आलो तेव्हा खोली अगदी स्तब्ध झाली होती. पडद्यामागून कारभार, अज्ञान राजा, गादीसाठी आप्तातलं मूल घेणं, यांतलं काहीही मराठी श्रोत्याला समजावून सांगावं लागत नाही. ताराराणींपासून बायजाबाई शिंद्यांपर्यंतची उदाहरणं ते स्वतःच मनात जुळवतात.

चित्रांचीही चैन आहे. 1903 पासून शुनलिंग या दरबारी तरुणाने काढलेले तिचे फोटो आहेत. सिंहासनावरचे, बर्फातले, कमळांच्या तळ्यात ग्वानयिन देवीच्या वेषातले. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी बऱ्याचशा वॉशिंग्टनला जपलेल्या आहेत. कॅथरिन कार्ल या अमेरिकन चित्रकर्तीने तिचं मोठं तैलचित्र काढलं, ते 1904 च्या सेंट लुइसच्या प्रदर्शनात गेलं. पडद्यावर दाखवायला वीस-पंचवीस चित्रं सहज निघतात. कोणाला पुढे बीजिंगला (तेव्हाचं पेकिंग) जायचं असेल तर पुन्हा बांधलेला उन्हाळी महाल आहे, तिथली संगमरवरी नौका आहे, आणि शहराबाहेर झुनह्वाला तिची समाधी आहे. ती 1928 मध्ये एका सेनापतीच्या फौजेने फोडली आणि लुटली, तीही एक स्वतंत्र गोष्ट.

इतकं सगळं असताना मी पुन्हा त्सिशी का घेणार नाही, ते सांगतो.

माझ्या टिपणांत व्याख्यानाचा कळस म्हणून एक प्रसंग होता. 15 ऑगस्ट 1900, बॉक्सर बंडाच्या वेळी पेकिंगमध्ये परकीय फौजा शिरलेल्या. त्सिशी साध्या बाईच्या वेषात शहर सोडायच्या तयारीत आहे. त्सिशीने मुलाच्या मागे गादीवर बसवलेल्या ग्वांगशू सम्राटाची लाडकी राणी झेन पुढे येते, गुडघे टेकते आणि म्हणते, सम्राटाने राजधानीतच राहावं. त्सिशी भडकते, खोजांना एक हुकूम देते आणि झेनला विहिरीत ढकलतात. प्रसंगात संवाद आहेत, सम्राटाची विनवणी आहे, सगळं डोळ्यांसमोर उभं राहील असं. एका जुन्या पुस्तकात मी ते वाचलं होतं आणि तोंडपाठ केलं होतं. व्याख्यानाला आठवडा असताना हे संवाद नेमके कोणी ऐकले आणि लिहून ठेवले, हे पाहायला बसलो.

ते निघाले चिंगशान नावाच्या एका म्हाताऱ्या मांचू अधिकाऱ्याच्या रोजनिशीतून. ही रोजनिशी आपल्याला 1900 च्या धामधुमीत त्याच्या घरात मिळाली, असं पेकिंगमध्ये राहणाऱ्या एडमंड बॅकहाउस या इंग्रजाचं सांगणं होतं. 1910 मध्ये ती इंग्रजीत छापून आली, आणि पुढे कित्येक दशकं जगभरच्या लेखकांनी तिच्यावर विसंबून त्सिशी रंगवली. ती रोजनिशी बनावट आहे असं आज अभ्यासक मानतात. झेन विहिरीत मेली हे खरं आहे. ती विहीर राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात आजही आहे, आणि खोजे नि दासी यांच्या नंतरच्या आठवणीही आहेत. त्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत, तरी आहेत. पण मी पाठ केलेला तो संवाद, तो हुकूम, ती विनवणी यांच्याखाली जमीनच नव्हती.

मी तो प्रसंग काढला. मग साहजिकच बाकीची टिपणं चाळायला घेतली, आणि खरी कटकट तिथं सुरू झाली. जी जी गोष्ट रंगतदार, तिच्या मुळाशी जावं तर एक तर तीच रोजनिशी, नाही तर बाजारगप्पा, नाही तर तिच्या राजकीय शत्रूंनी परदेशात बसून लिहिलेलं काहीतरी. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांतला फरक इतिहास वाचणाऱ्या कोणालाही कळतो. बखरीतलं सांगायचं तर बखरीतलं म्हणून सांगावं. त्सिशीच्या बाबतीत मात्र बखर कागदाचा वेष घेऊन येते, आणि प्रत्येक पानावर थांबून तिचा पदर उचलून पाहावा लागतो. शेवटच्या आठवड्यातल्या माझ्या सगळ्या रात्री यातच गेल्या.

एवढं करून व्याख्यान उभं केलं. प्रश्नोत्तरांना पंचवीस मिनिटं होती. पहिला प्रश्न आला, सम्राटाला तिनं विष दिलं का? दुसरा, त्सि-आनलाही (शिक्केवाल्या त्या सम्राज्ञीला) तिनंच मारलं ना? तिसरा आरमाराच्या पैशांतून महाल बांधल्याचा. चौथा कुजबुजत, तिच्या खाजगी आयुष्याबद्दल. श्रोत्यांचा काहीच दोष नाही, त्यांनी तेच ऐकलेलं असतं. ग्वांगशू सम्राट 14 नोव्हेंबर 1908 ला गेला आणि ती दुसऱ्याच दिवशी, तेव्हा शंका येणारच. 2008 मध्ये सम्राटाच्या केसांच्या तपासणीत सोमलाचं घातक प्रमाण सापडल्याचं जाहीर झालं. म्हणजे विष होतं. ते कोणाच्या हुकमावरून दिलं गेलं, याचा कागद नाही. असं प्रत्येक उत्तर "हे खरं, पण" या घाटाचं. पंचवीसच्या पंचवीस मिनिटं मी तिच्या वतीने किंवा तिच्याविरुद्ध कोर्टात उभा राहिल्यासारखा बोलत होतो.

आणि मला जे सांगायचं होतं ते राहिलंच. 1865 मध्ये राजपुत्र गोंगला पदावरून काढायचं फर्मान तिनं स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यात अक्षरं चुकलेली आहेत, वाक्यं अडखळलेली आहेत, आणि हे नीट करून घ्या असं तिनंच मंत्र्यांना सांगितलं. राणीवशात वाढलेली, तिशीच्या आतली एक बाई, जिला राज्य चालवण्याचं शिक्षण कोणी दिलेलं नाही, ती चुका होतील हे माहीत असूनही लेखणी स्वतः हातात घेते. मला त्सिशी तिथं भेटली होती. तसंच 1902 चं फर्मान. मांचू आणि हान यांच्यातल्या लग्नांवरची बंदी उठवणारं, आणि हान घरांना पाय बांधण्याची चाल सोडा म्हणून सांगणारं. यांतलं काहीच मला मांडता आलं नाही. विषाने सगळी वेळ खाल्ली.

कदाचित माझ्यापेक्षा चांगला वक्ता हे सांभाळून नेईल. ज्यांना वादविवादाची हातोटी आहे त्यांना तर हीच गंमत वाटेल. अलीकडे तिची बाजू घेणारं लेखनही बरंच झालं आहे, पण ते वाचतानाही मला कोर्टातच बसल्यासारखं वाटतं, फक्त वकील बदललेला. माझ्यापुरतं सांगायचं तर ती एक कटकट मला पुरली.

आता वेनश्यू.

आधी तिच्या उणिवा सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. तिच्या हाती सत्ता कधीच नव्हती. "पण तिनं केलं काय?" असं कोणीतरी विचारणार, त्याची तयारी हवी. फोटो थोडे आहेत, सात-आठ चित्रांवर भागवावं लागतं. तिचं एर्देत घराणं मुळात मंगोल वंशाचं, निशाणांत मुरलेलं. त्यामुळे "मांचू राणी" हा शब्द वापरलात तर निशाण म्हणजे वंश नव्हे, हे दोन वाक्यांत सांगावं लागेल. पूयीची सम्राज्ञी वानरोंग हिच्या बाबतीतही तेच आहे, तिचं घराणं दाउर या वेगळ्या जमातीचं. चिनी भाषेतल्या लोकप्रिय चरित्रांनी वेनश्यूच्या शेवटच्या वर्षांना बरीच झालर लावली आहे. आणि सर्वांत मोठी अडचण अशी, की तिच्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं पुष्कळ पूयीच्या आत्मचरित्रातून येतं. ते कैदेत असताना, स्वतःचा जुना जन्म नाकारण्याच्या भूमिकेतून लिहायला घेतलेलं. तेव्हा तिथंही सावध राहायला हवं. फरक इतकाच, की सावध राहायच्या जागा मोजक्या आहेत. पंधरा दिवसांत त्या सगळ्या समजतात.

तिचा जन्म डिसेंबर 1909 चा, त्सिशी जाऊन वर्ष झाल्यानंतरचा. घर एकेकाळचं मोठं, आता बसलेलं. आई शिवणकाम-भरतकाम करून मुलींना वाढवते. मुलगी फू यूफांग या नावाने शाळेत जाते. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. 1922 मध्ये पूयीचं लग्न ठरवायचं होतं. राजवट जाऊन दहा वर्षं झाली होती, पण नव्या सरकारशी झालेल्या कराराने त्याला राजवाड्याचा मागचा भाग, पदवी आणि वर्षाला चाळीस लाखांचं वचन मिळालेलं होतं. पैसे कधी पुरते आले नाहीत, इतमाम मात्र चालू होता. मुलींना आत बोलावण्याऐवजी या वेळी त्यांचे फोटो आत गेले, आणि पूयीने वेनश्यूच्या फोटोवर खूण केली. ज्येष्ठ राणी दुआनकांग अडून बसली. घर गरीब, रूपही बेताचं, असं तिचं म्हणणं. तिच्या मनात वानरोंग होती. शेवटी वानरोंग सम्राज्ञी झाली आणि आधी खूण झालेली वेनश्यू फेइ झाली, "शूफेइ".

ही दुआनकांग म्हणजे विहिरीत मेलेल्या झेनची सख्खी बहीण. दोघी 1889 मध्ये एकदमच राणीवशात आल्या होत्या. मला हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ वही मिटून बसलो. बहिणीचं असं झाल्यावर एकवीस-बावीस वर्षं त्याच भिंतींत काढलेली बाई आता तिथं येणाऱ्या मुलींची निवड करते आहे.

30 नोव्हेंबर 1922 ला वेनश्यू राजवाड्यात आली. सम्राज्ञीच्या एक दिवस आधी, कारण दुसऱ्या दिवशी थाटामाटात येणाऱ्या सम्राज्ञीच्या स्वागताला फेइने हजर असायचं, अशी रीत. तेरा वर्षं पूर्ण व्हायला तीन आठवडे बाकी होते. तिला राहायला मिळाला चांगचुन महाल. 1884 पर्यंत त्सिशी याच महालात राहत होती. दोघींपैकी कोणावरही बोललात तरी हा महाल चित्रांत जरूर दाखवा. ओसऱ्यांच्या भिंतींवर लाल महालाच्या स्वप्नाच्या जुन्या कादंबरीतले प्रसंग रंगवलेले आहेत.

आता ज्या कागदाने माझं मन बसलं, तो. राजवाड्यात असताना वेनश्यूने लिहिलेला एक छोटा गद्य उतारा टिकला आहे, बागेतल्या हरणावरचा. आशय असा: एका निवांत दिवशी मी बागेत फिरत असताना एका हरणाचा करुण आवाज ऐकला. बागेत ठेवलेल्या हरणाला स्वातंत्र्य नाही. ते तुरुंगातल्या कैद्यासारखं, माफी मिळाल्याशिवाय बाहेर पडणं नाही. शेवटी ती च्वांगत्सू या प्राचीन तत्त्वज्ञाच्या गोष्टीतल्या कासवाची आठवण काढते, मेल्यावर आपली हाडं मानाने पूजली जाण्यापेक्षा जिवंतपणी चिखलात शेपटी ओढत राहणं पत्करणाऱ्या कासवाची. इतकंच. शाळकरी मुलीचा निबंध म्हणावा एवढाच आकार. पण हे शब्द तिचे आहेत. त्सिशीच्या शेकडो पानांत मला तिच्या हातचा एक कागद मिळाला, तो चुकलेल्या अक्षरांचा. वेनश्यूच्या बाबतीत सुरुवातच अशा कागदापासून करता येते.

पुढची वर्षं भरभर सांगितली तरी चालतात. 5 नोव्हेंबर 1924 ला फेंग यूश्यांग या सेनापतीच्या सैन्याने सर्वांना काही तासांत राजवाड्याबाहेर काढलं. 1925 मध्ये थिएनचिन या बंदराच्या शहरी, जपानी वसाहतीच्या आश्रयाने, आधी झांग युआन आणि मग चिंग युआन या बंगल्यात. चिंग युआन आज संग्रहालय आहे. तिथं गादी नव्हती, पण गादीचे सगळे मानापमान होते. पूयी सम्राज्ञीला घेऊन बाहेर पडायचा, वेनश्यू मागे राहायची.

25 ऑगस्ट 1931 ला मात्र थांबा, इथं घाई करू नका. त्या दुपारी ती धाकट्या बहिणीबरोबर मोटारीतून बाहेर पडली, एका हॉटेलात गेली आणि परतली नाही. तिच्या वतीने वकिलांची पत्रं चिंग युआनला आली. नऊ वर्षांच्या संसारात नवऱ्याने आपल्याला एकदाही जवळ केलं नाही, हे त्यांत उघड लिहिलेलं होतं. वर्तमानपत्रांनी याला फेइचं बंड म्हटलं. तिच्याच कुळातल्या एका भावाने जाहीर पत्र लिहून तिची कानउघाडणी केली. आपल्या घराण्यावर दोनशे वर्षं राजाची कृपा आहे, छळ होत असेल तरी मरेपर्यंत सोसायला हवं होतं, असा सूर. वेनश्यूने त्याला जाहीर उत्तर दिलं, आणि त्यात प्रजासत्ताकाच्या संविधानाचं कलम पुढे केलं: कायद्यापुढे स्त्री-पुरुष असा भेद नाही.

हे उत्तर मी वाचून दाखवलं तेव्हा मागे बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या तोंडून एकच शब्द आला, "रखमाबाई". त्यांच्या डोक्यात 1885 ची ती पत्रं होती, दादाजी भिकाजी खटल्याच्या वेळची, "एक हिंदू स्त्री" या सहीने टाइम्समध्ये आलेली. मी ती तुलना तयार केलेली नव्हती. त्यांनी केली, आणि पुढची दहा मिनिटं सभागृह आपापसांतच बोलत राहिलं. चीनच्या नागरी संहितेचा कुटुंबविषयक भाग मे 1931 मध्ये लागू झाला होता, म्हणजे वेनश्यू बाहेर पडली त्याच्या तीन-साडेतीन महिने आधी. त्याच 1931 साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई इलाख्याला त्यासाठी 1947 उजाडावं लागलं. हे शेजारी ठेवून सांगितलं की चीन लांबचा राहत नाही.

22 ऑक्टोबरला तडजोड झाली. पोटगी 55,000 युआन, अंगावरचं-वापरातलं सामान नेण्याची मुभा, माहेरी राहायचं, एकमेकांची बदनामी करायची नाही, आणि तिनं पुन्हा लग्न करायचं नाही. मग पूयीने एक "फर्मान" काढून तिची पदवी काढून घेतली आणि तिला सामान्य प्रजेत ढकललं. ते वर्तमानपत्रांत छापूनही आणलं. तारखांकडे नीट पाहा. तिचं बाहेर पडणं आणि तडजोड यांच्या मधोमध 18 सप्टेंबरला जपानने मांचुरियातल्या मुक्देनला हल्ला चढवला. तडजोडीनंतर तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, 10 नोव्हेंबरला, पूयी चोरून मांचुरियाकडे निघाला. मागोमाग वानरोंग गेली, अफूच्या आहारी गेली, आणि 1946 मध्ये येनचीच्या तुरुंगात मेली. वेनश्यू आणखी तीन महिने त्या घरात थांबली असती तर काय झालं असतं, याचा विचार श्रोते न सांगता करतात.

त्यानंतर फू यूफांग हे शाळेतलं नाव परत येतं. या नावाने तिनं बेइपिंगमध्ये (पेकिंगचं तेव्हाचं नाव) प्राथमिक शाळेत शिकवलं. पुढे ओळख फुटली, बघ्यांची गर्दी व्हायला लागली आणि ते सोडावं लागलं. 1947 मध्ये तिनं ल्यू झेनदोंग या लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केलं, करारातलं ते कलम मागे टाकून. 1953 मध्ये ती वारली, वय 43.

त्या संध्याकाळी मला आलेले प्रश्न माझ्या वहीत आहेत. शाळेत ती काय शिकवायची? पोटगीतले पैसे किती दिवस पुरले असतील? आईचं काय झालं? दुसऱ्या नवऱ्याला ती कोण हे माहीत होतं का? काहींची उत्तरं माझ्याकडे होती, काहींची नव्हती. पण एकही प्रश्न असा नव्हता, की ज्याच्या उत्तरासाठी मला एखादी अफवा खोडत बसावी लागली. व्याख्यान ठरल्यापेक्षा दहा मिनिटं आधीच संपलं होतं आणि तरी माणसं पाऊण तास उठली नाहीत. मोजमाप म्हणून हे फार भक्कम नाही, हे कबूल. वेगळ्या गावात वेगळी संध्याकाळ वेगळी जाईल.

तेव्हा मैत्रिणीला मी असं सांगितलं. मुलांना राजकारण शिकवायचं असेल, शिक्के, कटकारस्थान, सुधारणा, परकीय फौजा हे सगळं एका तासात दाखवायचं असेल, तर त्सिशीला पर्याय नाही. फक्त 1852 ते 1865 एवढीच तेरा वर्षं घे, त्या चुकलेल्या अक्षरांच्या फर्मानापाशी थांब, आणि 1908 च्या विषाकडे वळूच नको. राणीवशात राहणं म्हणजे काय हे दाखवायचं असेल तर मात्र वेनश्यू घे, आणि हरणापासून सुरुवात कर. दिवाळी अंकवाल्या स्नेह्यांना मी एवढंही सांगितलं नाही, सरळ वेनश्यूच सुचवली. त्यांच्यापाशी पानं पंधरा आहेत, आणि त्सिशीला पंधरा पानं तर अफवा निस्तरण्यातच जातील, असं मला वाटतं.

दोघांनीही माझी टिपणं मागितली आहेत. त्सिशीच्या दोन जाड वह्या आहेत, त्यांतली जवळपास एक अख्खी खोडलेल्या मजकुराची. वेनश्यूचे सोळा कागद आहेत, पहिल्यावर हरणाचा उतारा, माझ्या मित्राने चिनीवरून सांगितला तसा उतरवलेला. दोन्ही देतो. आधी ते सोळा कागद वाचा.